नाशिकच्या मातीत मेटल डिटेक्टर सारखा का बोंबलतो? खोटे सिग्नल आणि त्यांचा बंदोबस्त

तक्रार ठरलेली असते. मशीन नवं, घराच्या गॅलरीत नाणं समोर धरलं तर झकास दाखवतं. शेतात नेलं की पावलागणिक टुकटुक, स्क्रीनवरचे धातू ओळखायचे आकडे सैरावैरा. खणावं तर काळा दगड निघतो, नाहीतर काहीच निघत नाही. बंद करून चालू केलं की पाच मिनिटं गप्प, मग पुन्हा तेच. दिवाळीनंतर सोयाबीन निघून रानं मोकळी झाली की जुनी नाणी शोधणाऱ्या आमच्या गटात कोणी ना कोणी हेच रडगाणं घेऊन येतो. निम्मे जण तर तोवर मशीन परत पाठवायच्या तयारीत असतात.

थांबा. दहातल्या नऊ वेळा मशीनला काही झालेलं नसतं. गोंधळ चार ठिकाणांहून येतो: हवेतून, शेजारच्या मित्राच्या मशीनमधून, जमिनीतून आणि जमिनीतल्या कचऱ्यातून. हे तपासायचंही याच क्रमाने. बहुतेक जण आधी सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक सिग्नल पकडेल ते) खाली ओढतात, त्याने चारही आवाज एकदम दबतात आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतच नाही. यूट्यूबवरच्या इंग्लंडातल्या व्हिडिओंतली सेटिंग तशीच्या तशी उचलणं हा दुसरा घोळ. तिथल्या खडूच्या चुनखडीवरची मऊ माती आणि आपली काळ्या दगडावरची माती यांचा काही संबंध नाही.

कॉइल वर धरा आणि गप्प उभे राहा

कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, कमरेएवढी उचला, जमिनीला समांतर धरा आणि हलवू नका. तरीही आवाज येत असेल तर जमीन निर्दोष आहे, त्रास हवेतला, म्हणजे विजेचा आहे. आता कॉइल उभी करून हळूहळू गोल फिरा. एका दिशेला आवाज वाढला आणि दुसरीकडे पडला, तर त्रास कुठून येतोय त्याचा अंदाज येतो.

आपल्याकडचे नेहमीचे आरोपी सांगतो. पहिला, झटका मशीन. रानडुकरांसाठी बांधावर तार ओढलेली असते आणि साधारण सेकंदाला एक ठोका पडतो. हेडफोनमध्ये तोच ठोका घड्याळासारखा नियमित येतो. जमिनीतली कुठलीच वस्तू इतक्या शिस्तीत वाजत नाही. मालकाला विचारून तासभर बंद ठेवा, ऐकतात लोक. दुसरा, थ्री फेज. शेतीची लाइन ठरावीक वेळेलाच येते, आली की ऑटो स्टार्टरवरच्या साऱ्या मोटारी एका दमात सुरू होतात. सकाळभर शांत असलेलं मशीन अचानक पिसाळलं तर विहिरीकडे कान द्या, मोटार चालू झालेली असेल. तिसरा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडून निघालेल्या उच्चदाब वाहिन्या. त्यांच्याखाली उभं राहून मशीन जुळवत बसण्यात अर्थ नाही, लांब जा. आणि चौथा तुमच्याच खिशात आहे. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, स्मार्ट वॉच काढून ठेवा.

एवढं करूनही थोडी कुरकुर राहिली तर मशीनमधलं नॉइज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी शिफ्ट (मशीनची फ्रिक्वेन्सी जरा सरकवायची सोय) वापरा. मिनलॅबच्या इक्विनॉक्समध्ये ते आपोआप चॅनल शोधतं, नोक्टाच्या सिम्प्लेक्समध्ये शिफ्ट हाताने बदलावी लागते. हे करताना कॉइल स्थिर हवी आणि शक्यतो वर धरलेली हवी.

मित्र जरा लांब बरे

गटाने जाणाऱ्यांचं हे खास दुखणं. एकाच मॉडेलची दोन मशीनं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. दोन सिम्प्लेक्स प्लस असतील तर दोन्ही १२ किलोहर्ट्झवर. जवळ आली की एकमेकांचं प्रक्षेपण सिग्नल समजून ऐकतात. आवाज लाटांसारखा येतो, वाढतो, विरतो, परत वाढतो. खात्री करायला सोपं: एकाने मशीन बंद करायचं. दुसऱ्याचं शांत झालं तर आणखी काही शोधायची गरज नाही.

उपाय म्हणजे दहा-पंधरा मीटरचं अंतर आणि प्रत्येकाची शिफ्ट वेगळी. मल्टी फ्रिक्वेन्सीवाल्यांनी आपण यातून सुटलो असं समजू नये, ती मशीनं तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर बोलतात. एका ओळीत खांद्याला खांदा लावून चालू नका, तिरके चाला, एक पुढे, एक मागे. पिनपॉइंटरही (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारी हातातली छोटी कांडी) कॉइलच्या शेजारी चालू राहिला तर बोंब मारायला लावतो. खणून झालं की बंद करून कमरेला.

खरा गुन्हेगार: काळा दगड

आता मुख्य भाग. निफाडच्या बाजूला एका वावरात आमचं मशीन दर दोन पावलांना वाजत होतं. बांधावर बसलेले आबा शेवटी वैतागून म्हणाले, “भाऊ, इथं आमी जलमभर औत धरलं, एक खिळा नाही निघाला. आन् तुमचं हे तं सारखंच वरडून राह्यलं.” आबांचं बरोबर होतं. खाली धातू नव्हताच, मातीच ओरडत होती.

नाशिक जिल्हा दख्खनच्या लाव्ह्यावर बसलाय, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात. दगड झिजून माती झाली तरी ती खनिजं मातीतच राहतात. खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कोरड्या मातीतून, नाहीतर गोदावरीच्या किंवा दारणेच्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळ्या बारीक कणांची मिशी फुटते. पिशवी उलटी करून झटकली की कण कागदावर पडतात, खालून चुंबक फिरवलं तर केसांसारखे उभे राहतात. तुमची कॉइल दिवसभर याच्यावरून फिरत असते.

कॉइल सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. नाण्यात त्यामुळे भोवरे प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद जरा उशिरा परत येतो. त्या उशिरावरून मशीन तांबं की लोखंड ते ठरवतं. मातीतले लोहकणही प्रतिसाद देतात, बहुतेक लगेच, पण मॅग्हेमाइटसारखे काही बारीक कण थोडे मागे रेंगाळतात. हे रेंगाळणंच मशीनला धातूसारखं वाटतं. ग्राउंड बॅलन्स म्हणजे मशीनला सांगायचं, ‘या मातीचा आवाज असा असतो, तो वजा कर.’ तो चुकीचा असेल तर कॉइल जरा वरखाली झाली तरी बीप.

बॅलन्स करताना तीन गोष्टी पाळा. जागा धातूविरहित हवी. ऑल मेटल मोडमध्ये (काहीच न गाळता सगळे धातू वाजवणाऱ्या) आधी एक चक्कर मारून खात्री करा, खाली खिळा असलेल्या जागी बॅलन्स केलं तर दिवसभर रडाल. मग कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरपासून वीतभर उंचीपर्यंत, समांतर ठेवून, सावकाश वरखाली करत राहा. आवाज वर जाताना आणि खाली येताना सारखा लागला आणि आकडा स्थिरावला की झालं. खारट ओल्या जमिनीत हा आकडा खाली राहतो, लोहखनिजाच्या जमिनीत वर चढतो. नाशिकच्या बहुतेक रानांत तो वरच सापडेल, घाबरू नका. आणि हे काम सकाळी एकदा करून भागत नाही. काळ्या मातीतून मुरमाच्या पट्ट्यात गेलात, इगतपुरी-त्र्यंबककडच्या तांबूस जमिनीत गेलात, पाऊस पडून गेला, की पुन्हा करायचं. एकाच वावरात वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला काळी असते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं.

ऑटो ट्रॅकिंग, म्हणजे मशीनने आपणहून बॅलन्स बदलत राहणं, चालू ठेवून निवांत राहावंसं वाटतं. पण एखाद्या क्षीण सिग्नलवर तुम्ही कॉइल सात-आठ वेळा फिरवली की ट्रॅकिंग त्यालाच माती समजून वजा करायला लागतं. सिग्नल ‘आत्ता होता, आता गेला’ असं झालं तर आधी हा संशय घ्या. मी हाताने बॅलन्स करून ट्रॅकिंग बंद ठेवतो.

काही मशीनांत ग्राउंड बॅलन्सची सोयच नसते. गॅरेटच्या एस २५० सारख्या मॉडेलांत तो कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. ज्यांच्याकडे अशी मशीनं आहेत त्यांनी सेन्सिटिव्हिटी कमी, कॉइल जमिनीपासून तीन-चार बोटं वर आणि जमलं तर छोटी कॉइल, एवढंच धरून चालावं. चालतं तेवढ्यावर, खोली मात्र जास्त मागू नका.

सेन्सिटिव्हिटीबद्दलचा गैरसमज तर हटता हटत नाही. जास्त ठेवली म्हणजे जास्त खोल दिसतं, असं सगळ्यांना वाटतं. पण ती मातीचाही आवाज तितकाच वाढवते. गणपतीच्या मंडपात स्पीकरसमोर उभं राहून कानात बोलणाऱ्याला ‘जोरात बोल’ म्हणण्यात काय हशील? आधी स्पीकर कमी करायला हवा. एकेक पायरी खाली आणा, मशीन शांत झालं की थांबा. कॉइल लहान घेतली तर ती एका वेळी कमी माती बघते. चांगल्या मातीत मोठी कॉइल जे खोलवरचं दाखवते, ते आपल्याकडे छोटी कॉइल जास्त स्पष्ट दाखवते, असा माझा तरी अनुभव आहे.

नांगरटीत कॉइल सऱ्यांना आडवी फिरवली की ती दर वरंब्यावर जवळ आणि सरीवर लांब जाते, म्हणजे न मागता पंपिंग (कॉइल वरखाली करणं) चालू. सऱ्यांच्या दिशेनेच फिरवा, किंवा रान फळी मारून सपाट झाल्यावर जा. उन्हाळ्यात काळ्या रानाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेवरून कॉइल गेली की मातीचा आवाज अचानक तुटतो आणि मशीन त्यालाही काहीतरी समजून वाजतं. तुम्ही स्वतः खणलेला खड्डाही असाच वाजतो! वस्तू निघालेली असते, किंवा नसतेच, आणि आपण ‘अजून वाजतंय, अजून आहे’ म्हणत खड्डा मोठा करत बसतो. खड्डा वाजला तर माती परत लोटा, पायाने दाबा आणि मग तपासा. आवाज गेला तर खाली काही नव्हतं.

राहिला तापलेला दगड, म्हणजे आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असलेला धोंडा. जुन्या चुलीचे दगड आणि भाजलेल्या विटांचे तुकडे याच जातीचे. भट्टीत तापून थंड होताना त्यांच्यात चुंबकत्व बसतं. ओळख अशी: कॉइल चार बोटं वर उचलली की सिग्नल एकदम गायब होतो. तांब्याच्या नाण्याचा सिग्नल हळूहळू बारीक होतो पण सूर सोडत नाही. पायाने दगड सरकवला आणि सिग्नलही सरकला तर पुढे चला.

ओली, खतावलेली किंवा चोपण जमीन वेगळ्या तऱ्हेने त्रास देते. तिथे सगळीकडे चांदीच्या कागदासारखा पसरट, खालच्या आकड्याचा सिग्नल मिळतो. ड्रिप चालू असलेल्या बागेत हे हमखास होतं. यावर इलाज वाफसा, दुसरा नाही.

द्राक्षबागेतला कचरा

द्राक्षाच्या बागेत मांडवाची जीआय तार, लोखंडी अँगल, तारा ताणायचे तुकडे, यू-खिळे. अँगलच्या जवळ तर कॉइल नेऊच नका. जमिनीत पडलेले तारेचे वाकडे तुकडे फार चावट असतात. लांबट, वळलेलं किंवा चपटं गंजलेलं लोखंड कडेने तांब्याचा उंच सूर काढतं. सिग्नल चांगला वाटला की ९० अंशांत वळून दुसऱ्या बाजूने फिरवा. नाणं दोन्हीकडून जवळपास सारखा आकडा देतं. लोखंड एका बाजूने चांदी आणि दुसऱ्या बाजूने घरघर. पिनपॉइंट केल्यावर मध्य भलतीकडेच दाखवत असेल तर तेही लोखंडच.

याहून चीड आणणारी चीज म्हणजे औषधाच्या बाटलीच्या तोंडावरची ॲल्युमिनियमची गोल चकती. फवारणीच्या वेळी टराटरा फाडून बांधावर टाकतात. चापट, गोल, नाण्याच्या मापाची, दोन्ही बाजूंनी सारखी वाजणारी. हिला डिस्क्रिमिनेशनने (ठरावीक आकड्यांचा आवाज बंद करायच्या सोयीने) गाळायला जाल तर त्याच आकड्यावर बसणारी बारीक नाणीही जातील. खणा आणि खिशात टाका. शेतकरी त्यासाठी तरी पुढच्या वर्षी बोलावतो.

इथेच आणखी एक गंमत. मशीन बरोबर आहे का हे बघायला लोक खिशातला रुपया टाकतात. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया आणि स्टीलचे पन्नास पैसे चुंबकाला चिकटतात, मशीन त्यांना लोखंड म्हणतं आणि बरोबरच म्हणतं. लगेच ‘मशीनला नाणं कळत नाही’ अशी बोंब. चाचणीला जॉर्ज राजाचा पाव आणा घ्या, १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा घ्या, झिजलेली शिवराई मिळाली तर उत्तम. काहीच नसेल तर पाचचा जुना जाड ठोकळा, तो चुंबकाला चिकटत नाही. ज्या रानात जायचं त्याच रानाच्या कोपऱ्यात ही नाणी वेगवेगळ्या खोलीवर पुरा, खुणेला काठी लावा आणि सेटिंग तिथेच जुळवा.

कुठे जायचं नाही

खोट्या सिग्नलवर उपाय आहे, यावर नाही. पांडवलेणीचा परिसर, किल्ले, बारवा, जुनी मंदिरं, गावाची पांढरी (जुन्या वस्तीची जागा), इथे मशीन बाहेरच काढायचं नाही. संरक्षित जागी परवान्याशिवाय उकरणं हा गुन्हा आहे आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथला थर एकदा विस्कटला की कायमचा गेला. देवळालीकडे सैन्याच्या बिल्ल्या-बटणांच्या मोहाने जाणारे भेटतात. तो भाग तोफखान्याचा, जमीन लष्कराची. फायरिंग रेंजच्या आसपास न फुटलेला गोळा असू शकतो. गोळ्याचं अंग लोखंडाचं आणि कमरेला तांब्याचा पट्टा असतो, त्यामुळे सिग्नल लोखंड-तांबं मिसळलेला, मोठा आणि भरभक्कम येतो. कुठल्याही शेतात असा जड लांबट सिग्नल लागून गोलाकार धातू दिसायला लागला तर हत्यार खाली ठेवा, मागे व्हा, ११२ ला फोन करा.

मित्राचं किंवा नातेवाइकांचं रान, मालकाची परवानगी, दिवसाउजेडी, गावच्या पोलीस पाटलांना आधी कल्पना. रात्री आणि अमावस्येच्या आसपास तर नकोच. गुप्तधनाच्या नावाने आपल्याकडे इतके अघोरी प्रकार झालेत की हातात मशीन घेतलेल्या माणसाकडे गाव संशयाने बघणारच. याच गुप्तधनाच्या नादाला लागलेल्यांना दोन अँटेना लावलेलं ‘शंभर मीटरवरून सोनं दाखवणारं’ यंत्र विकलं जातं. ती शुद्ध लुबाडणूक आहे, त्याच्या समस्येचं निवारण माझ्याकडे नाही.

जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. नाण्यांचं मडकं दिसलं तर हात लावू नका, आहे तसं ठेवून कळवा. १९०६ साली जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. ती एकत्र राहिली म्हणून क्षत्रपांचा पराभव नाण्यांवरच वाचता आला. वाटून घेतली असती तर काय उरलं असतं? एकटदुकट नाणं ओळखायचं असेल तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथे नेण्याआधी चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. फक्त पाणी, तेही चोळू नका.

मग मशीन खराब केव्हा म्हणायचं?

आधी किरकोळ गोष्टी. कॉइलची वायर दांड्याला सैल गुंडाळलेली असेल तर ती हलली की मशीन वाजतं, वेल्क्रोने घट्ट बांधा. कनेक्टर उघडून ओल आणि माती बघा. बॅटरी पूर्ण चार्ज करा. कॉइलचं प्लास्टिक कव्हर काढून आत अडकलेली माती धुवा. मघाशी चुंबकाला चिकटले तेच काळे कण तिथे साठतात आणि कॉइलच्या पोटाशी दिवसभर वाजत राहतात. हे कोणी करत नाही.

त्यानंतर विजेच्या तारांपासून लांब मोकळ्या माळावर जा. मोबाइल बंद, मित्र लांब, कॉइल वर, फॅक्टरी रीसेट केलेलं. तरीही बडबड चालू असेल तर मित्राकडून त्याच मॉडेलची दुसरी कॉइल लावून बघा. दुसऱ्या कॉइलने शांत झालं तर तुमची कॉइल गेली, तेवढीच बदला. दोन्ही कॉइलींनी तेच झालं तर मात्र दोष मशीनचा. त्या माळावरच व्हिडिओ करा, कॉइल वर धरलेली आणि स्क्रीनवरचे आकडे दोन्ही दिसतील असा, आणि वॉरंटीच्या कागदासोबत पाठवा. शेतातला व्हिडिओ पाठवलात तर दुरुस्तीवाला ‘जमीन खराब आहे’ म्हणून परत करेल.